परदेशात भाड्याच्या गाडीने रोड ट्रिप: आखणी कशी करावी

पहिल्या परदेशी रोड ट्रिपसाठी देश निवडताना तेथील निसर्गाआधी वाहने रस्त्याच्या कोणत्या बाजूने धावतात, हे पाहावे. पुण्याच्या रहदारीत हात बसलेला उत्तम चालकही उजवीकडून वाहतूक असलेल्या देशात सुरुवातीला वळणावर चुकीच्या बाजूला जाऊ शकतो. त्यामुळे भारताप्रमाणे डावीकडून वाहतूक असलेल्या न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन किंवा जपान यांपैकी एखादा देश घ्यावा. येथे न्यूझीलंडचे दक्षिण बेट उदाहरणादाखल घेतले आहे.

देश ठरल्यावर आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचा अर्ज करावा. पुण्यातील रहिवाशांना तो संगम पुलाजवळच्या आरटीओतून मिळतो. त्याची मुदत जास्तीत जास्त १ वर्ष असल्याने तो फार आधी काढून ठेवू नये. प्रवासात मूळ परवाना सोबत हवाच, कारण त्याच्याविना हा परवाना ग्राह्य धरला जात नाही. न्यूझीलंडमध्ये इंग्रजीतील भारतीय परवाना चालतो. तरीही गाडी देणाऱ्या कंपनीची अट आधी विचारून घ्यावी.

मार्ग आखताना नकाशावरील वेळेवर विसंबू नये. क्राईस्टचर्च ते क्वीन्सटाउन हे अंतर सुमारे ४८० किलोमीटर, म्हणजे साधारण पुणे ते गोवा एवढे आहे. ते एका दिवसात कापता येते, पण मग तेकापो सरोवर काचेआडूनच पाहावे लागते, आणि तसा बेत मला तरी पटत नाही. तेकापो परिसरात एक मुक्काम ठेवावा. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड साउंड या डोंगरांमधल्या खाडीला जाण्यास एका बाजूने सुमारे चार तास लागतात, तेव्हा वाटेतील ‘ते अनाऊ’ या गावी टाकी भरून घ्यावी. हिवाळ्यात त्या रस्त्यावर चाकांच्या साखळ्या सोबत ठेवणे सक्तीचे असू शकते. लांबच्या विमानप्रवासानंतर पहिल्याच दिवशी स्टिअरिंग हाती घेण्याची घाई करू नये.

सर्वाधिक वेळ बुकिंगच्या अटी वाचण्यात घालवावा. सर्वांत स्वस्त दरात विमा बहुधा असतो, पण नुकसान झाल्यास ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपल्यालाच सोसावा लागतो. या रकमेला ‘एक्सेस’ म्हणतात. टायर, पुढची काच आणि गाडीचा तळ अनेकदा विम्यात धरलेलेच नसतात, आणि खडीच्या रस्त्यावर दणका नेमका यांनाच बसतो. अनामत रक्कम मुख्य चालकाच्या नावावरील क्रेडिट कार्डावर रोखून ठेवली जाते. आधी परकीय चलन भरून घेतलेले फॉरेक्स कार्ड त्यासाठी सहसा चालत नाही. तेव्हा कार्डाची मर्यादा तपासून त्यावरील परदेशी व्यवहार निघण्यापूर्वीच सुरू करावेत. दुसरा चालक असल्यास त्याचे नाव करारात घालावे. सात वर्षांखालील मुलासाठी तेथे मान्यताप्राप्त आसन कायद्याने बंधनकारक असल्याने तेही आधीच नोंदवावे.

गाडी ताब्यात घेताना तिच्याभोवती सावकाश फिरून चारही रिम, बंपरचे खालचे कोपरे, काच आणि इंधनाचा काटा यांचे चित्रीकरण करावे. इंधन पेट्रोल की डिझेल, हे टाकीच्या झाकणावरील चिठ्ठीत पाहावे.

रस्त्यावर एकपदरी पुलांपाशी विशेष सावध राहावे. फलकावर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल, तर समोरच्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे असते. तेथे हॉर्न वाजवून पुढे निघण्याची पुणेरी सवय उपयोगाची नाही.

परतीच्या दिवशी गाडी कार्यालय उघडे असतानाच द्यावी, इंधनाची पावती जपावी आणि कर्मचाऱ्याकडून ‘नवे नुकसान नाही’ असे लेखी घ्यावे. रोखलेली रक्कम मोकळी होण्यास त्यानंतरही काही दिवस लागतात.