‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ कसा पाहावा, आणि नवख्याला कसा दाखवावा

‘स्टार ट्रेक’ ही अवकाशप्रवासाची अमेरिकी टीव्ही मालिका कधीच न पाहिलेल्या माणसाला पहिल्यांदा कोणता भाग दाखवायचा, असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. मूळ मालिकेच्या दुसऱ्या सीझनमधला, 29 डिसेंबर 1967 ला अमेरिकेत पहिल्यांदा दाखवलेला ट्रिबल्सचा भाग. डेव्हिड जेरॉल्ड तेव्हा अवघे 23 वर्षांचे होते, आणि त्यांनी लिहिलेला हा भाग आजही आमच्या घरात सुट्टीला आलेली भाचरं आपणहून मागतात.

दाखवण्याआधी फार प्रस्तावना करू नका. कर्क हा एंटरप्राइझ या अवकाशजहाजाचा कप्तान, स्पॉक तर्काने चालणारा अर्धा व्हल्कन, म्हणजे अर्धा परग्रहवासी, मॅकॉय डॉक्टर, स्कॉटी इंजिनिअर, आणि क्लिंगॉन या लढाऊ परग्रहवासीयांशी फेडरेशनचा, म्हणजे कर्कच्या बाजूच्या ग्रहसंघाचा, कसाबसा टिकलेला तह. एवढं पुरे. ट्रिबल म्हणजे काय हे मात्र सांगू नका. केसाळ, हात-पाय-तोंड काही न दिसणारा तो गोळा पहिल्यांदा घुरघुरतो तेव्हा पाहणाऱ्याचा चेहरा बघायला मिळाला पाहिजे. म्हणूनच त्या वेळी चकली-चिवडा काढू नका, त्यांच्या कुरकुर आवाजात घुरघुर बुडून जाते. लाडू द्या.

सुरुवातीला धान्यावरून बरीच बोलाचाली आहे. नवखा माणूस इथे कंटाळेल असं वाटून पुढे पळवण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण पुढची प्रत्येक गंमत इथेच पेरलेली आहे. शेरमन्स प्लॅनेट नावाच्या ग्रहावर फेडरेशन आणि क्लिंगॉन दोघेही हक्क सांगतात, आणि जो तो ग्रह जास्त चांगला फुलवून दाखवेल त्याला तो मिळणार. तिथे उगवू शकणारं एकमेव पृथ्वीवरचं धान्य म्हणजे क्वाड्रोट्रिटिकेल, आणि ते के-7 या अवकाशस्थानकावर साठवलेलं. ट्रिटिकेल हे गहू आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांच्या संकरातून तयार झालेलं खरंखुरं धान्य आहे; ‘क्वाड्रो’ तेवढं कल्पनेतलं. लढाईच्या तयारीने धावत आलेल्या कर्कला कळतं की आपल्याला धान्याची राखण करायला बोलावलंय. त्याच्या रागातून विनोद उभा राहतो आणि धान्यातून रहस्य. दोन्ही धागे शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. कृषी खात्याच्या बॅरिससोबत वावरणारा मदतनीस डार्विन, त्याच्याकडेही जरा लक्ष असू द्या.

आता पाहायचं कसं? ट्रिबलकडे नको, माणसांकडे बघा. या भागात कोणीही विनोद करत नाही. प्रत्येक जण आपलं काम मन लावून करत असतो. आपल्यावर ट्रिबलचा काही परिणाम होत नाही असं स्पॉक सांगत असतो, आणि त्याचा हात मात्र ट्रिबलला कुरवाळत राहतो. दिग्दर्शक जोसेफ पेव्हनी यांनी तिथे काहीही ठळक करून दाखवलेलं नाही. कर्कचं सँडविच आणि कॉफी येते तेव्हा त्यात ट्रिबल बसलेले असतात, तिथेही कर्क चिडतो तो कामाच्या माणसासारखाच.

माझा सगळ्यात लाडका प्रसंग मारामारीनंतरचा. स्थानकाच्या बारमध्ये क्लिंगॉन कर्कची निंदा करतात तेव्हा स्कॉटी आपला तरुण सहकारी चेकॉव्हला आवरतो, जाऊ दे म्हणतो. जहाजाला कचरा म्हटल्यावर मात्र पहिला ठोसा तोच मारतो. नंतर कर्क त्याला एकट्याला विचारतो, आणि आपल्या अपमानावरून नव्हे, जहाजावरून हाणामारी झाली हे हळूहळू त्याच्या लक्षात येतं. स्कॉटी झालेले जेम्स डूहन आणि कर्क झालेले विल्यम शॅटनर या दोघांचे चेहरे इथे आळीपाळीने पाहा. स्कॉटीला शिक्षा होते खोलीतच थांबण्याची, आणि तो खूश होतो, कारण तांत्रिक मासिकं वाचायला वेळ मिळणार! आपल्या कामावर इतकं प्रेम असलेला माणूस टीव्हीवर मी क्वचितच पाहिलाय.

मुलं बरोबर असतील तर स्पॉक आकडा सांगायच्या आधी थांबवा आणि कागद द्या. मी गणित शिकवते, त्यामुळे हा थांबा मला चुकवता येत नाही. एक ट्रिबल, दर बारा तासांनी प्रत्येकी दहा पिल्लं, तीन दिवस. म्हणजे सहा पिढ्या, आणि दर वेळी जुना एक अधिक नवे दहा मिळून अकरा पट. 11, 121, 1331, 14,641, 1,61,051 आणि शेवटी 17,71,561. मुलांनी स्वतः काढलेला आकडा पुढच्याच क्षणी स्पॉकच्या तोंडून ऐकला की घर दणाणून जातं. बहुतेक जण दहाने गुणतात आणि दहा लाखांवर थांबतात; जुना ट्रिबल कुठे गेला, एवढंच विचारा.

स्पॉक हा आकडा सांगतो त्याच्या जरा आधीच कर्क धान्यकोठाराचं दार उघडतो आणि ट्रिबलांचा ढीग त्याच्यावर कोसळतो. ढीग कोसळून गेल्यावरही वरून एकेक ट्रिबल त्याच्या डोक्यावर पडतच राहतो, ते नीट बघून ठेवा. वरून ट्रिबल टाकणाऱ्या माणसांना खालचं दिसत नव्हतं, म्हणून ते टाकतच राहिले.

हे बघून ठेवायला सांगतेय ते 1996 च्या एका भागासाठी. ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेने ‘स्टार ट्रेक’च्या तिसाव्या वर्षानिमित्त ‘ट्रायल्स अँड ट्रिबल-एशन्स’ हा भाग केला. त्यात त्या मालिकेचा नायक सिस्को आणि त्याचे सहकारी काळात मागे जाऊन थेट याच भागात शिरतात. जुन्या चित्रफितीत नवे कलाकार बसवले, सेट आणि गणवेश हुबेहूब पुन्हा बनवले. मारामारीनंतर कर्क रांगेत उभ्या माणसांना जाब विचारतो, त्या रांगेत आता सिस्कोचे सहकारी ओब्रायन आणि बशीर दिसतात. डार्विनच्या भूमिकेत तेच चार्ली ब्रिल परत आलेत, वयाने खरोखर मोठे झालेले. आणि ते वरून पडत राहणारे ट्रिबल कोण टाकत होतं, याचंही उत्तर मिळतं. ते इथे लिहीत नाही.

हे दोन्ही भाग एकाच संध्याकाळी, मध्ये फक्त जेवणापुरता वेळ ठेवून पाहा. मधे आठवडा गेला तर कोण कुठे उभं होतं ते विसरतं आणि निम्मी मजा जाते. 1973 च्या ॲनिमेटेड मालिकेतही जेरॉल्ड यांनीच लिहिलेला ट्रिबलांचा एक भाग आहे. घरात लहान मुलं असतील तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी लावा, मोठ्यांनी नाही पाहिला तरी चालेल.