विंडोज १० नंतर काय? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट थांबले. तेव्हापासून माझ्याकडे मशीन घेऊन येणारे लोक एकच विचारतात, "पुढे कोण टिकणार? विंडोज, मॅक की लिनक्स?" पहिली चूक इथेच होते. बाजारात कोणीही टिको, तुमचं काम कशावाचून अडतं ते आधी बघा.

गिरगावातल्या एका छापखान्याचं उदाहरण सांगतो. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, पतपेढ्यांचे अहवाल, असं काम. मशीन सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचं, म्हणजे विंडोज ११साठी अपात्र. तिथे सहसा इंटेलची निदान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. छापखान्याचे मालक असलेल्या काकांच्या पुतण्याने रविवारी दुपारी पेन ड्राइव्हवरून लिनक्स टाकलं. इन्स्टॉल करताना डिस्क पुसण्याचा पर्याय आला, तो त्याने न वाचता निवडला. अर्ध्या तासात मशीन चकाचक सुरू झालं आणि सोमवारी सकाळी काकांना एकही फाइल सापडेना.

मी गेलो तेव्हा ते मशीन दोन दिवस वापरात होतं. असं झालं की मशीन ताबडतोब बंद करा. नवीन लिहिलेलं प्रत्येक अक्षर जुन्यावर बसू शकतं. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तीन रात्री स्कॅन चालवला. निम्म्याच्या आसपास फाइल्स आल्या, पण नावं गेली होती, नुसते आकडे. त्या उघडल्या तर मराठी मॅटरच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा! जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी आपली वळणं बसवायचे. फॉन्ट नसेल तर मजकूर वाचता येत नाही. त्यांचं फॉन्टचं पॅकेज डोंगलवर, म्हणजे मशीनला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर चालणारं, फक्त विंडोजचं. डिझाइनच्या कोरल ड्रॉ सॉफ्टवेअरचीही आज लिनक्स आवृत्ती नाही.

लिनक्सचा यात काडीचा दोष नाही. मी स्वतः घरी लिनक्स मिंट वापरतो आणि जुन्या मशीनला त्याच्यासारखा सोबती नाही असं माझं ठाम मत आहे. दोष घाईचा. आठ दिवस कागद जवळ ठेवून जे जे सॉफ्टवेअर उघडलं ते लिहिलं असतं, तर कंपोझिंगचं मशीन विंडोजवरच ठेवायचं हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. आता तिथे तसंच केलंय. कंपोझिंगचं विंडोज १० इंटरनेटशिवाय चालतं, मेल आणि बिलं लिनक्सवर.

बाकीच्या चुका थोडक्यात. तपासणी चुकवून विंडोज ११ टाकायचे व्हिडिओ बघून अपात्र मशीनवर ते चढवू नका. अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. धंद्याच्या मशीनवर मी हे कधीच करून देत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

बायोसला, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगला हात लावण्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवा.

लॅमिंग्टन रोडवर इंटेलचा जुना मॅक स्वस्तात मिळाला म्हणून उचलू नका. इंटेल मॅकवर चालणारी शेवटची मॅकओएस (मॅकची सिस्टीम) म्हणजे २०२५ची टाहो.

जीएसटीसाठी डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल, तर लिनक्सवर तो ओळखला जातो का हे आधी लाइव्ह पेन ड्राइव्हवर, म्हणजे काहीही इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघा. तिथेच एक पान छापा, वायफाय जोडा, मराठी टाइप करा.

ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये चालतं त्यांना यापुढे खाली कुठली सिस्टीम आहे याने फारसा फरक पडणार नाही. अशांना मी बिनधास्त लिनक्स देतो. पण नवीन सिस्टीम नेहमी नव्या एसएसडी डिस्कवर. जुनी डिस्क काढतो, कागदात गुंडाळतो, वर तारीख टाकतो आणि मालकाला सांगतो, वर्षभर कपाटात ठेवा, कोणाला देऊ नका.