व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दाखवतंय, पण पलीकडचं काहीच उघडत नाही? या चुका टाळा

टनल (व्हीपीएनची दोन टोकांमधली सुरक्षित वाट) जोडला गेला म्हणजे फार तर दोन्हीकडच्या ‘की’ (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या) जुळल्या, एवढंच. पॅकेट (डेटाचा तुकडा) कुठून जाणार आणि उत्तर कुठून परत येणार, हे राउटिंग टेबल, म्हणजे मशीनमधली मार्गांची यादी, ठरवतं. म्हणून आधी हँडशेकची, म्हणजे दोन टोकांनी एकमेकांची ओळख पटवल्याची, वेळ बघा. वायरगार्ड या व्हीपीएन प्रणालीत ट्रॅफिक चालू असूनही शेवटचा हँडशेक ३ मिनिटांपेक्षा जुना असेल, तर दोष ‘की’, पोर्ट किंवा फायरवॉलमध्ये शोधा. ताजा असेल तर ‘की’ बदलत बसू नका.

सर्वाधिक वेळ खाणारी चूक म्हणजे परतीचा रूट विसरणं. समजा व्हीपीएन सर्व्हर १०.३७.२०.२ वर आहे, क्लायंट १०.८.०.० / २४ मध्ये (म्हणजे १०.८.०.० ते १०.८.०.२५५ या रेंजमध्ये) आणि ऑफिसचा राउटर १०.३७.२०.१ वर. क्लायंटची विनंती प्रिंटरपर्यंत पोहोचते. प्रिंटर मात्र उत्तर आपल्या डिफॉल्ट गेटवेला देतो आणि राउटरला १०.८ हा पत्ताच ठाऊक नसतो. सर्व्हरच्या लॅन इंटरफेसवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावा. विनंती बाहेर जाताना दिसते आणि उत्तर दिसत नाही, तर दोष हाच. राउटरवर १०.८.०.० / २४ साठी १०.३७.२०.२ मार्गे स्टॅटिक रूट (हाताने दिलेला कायमचा मार्ग) टाका. विनंतीही बाहेर जात नसेल, तर सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग (एका इंटरफेसवरचं पॅकेट दुसऱ्यावर पुढे पाठवणं) बंद असण्याची शक्यता मोठी. नॅट (क्लायंटच्या पत्त्याच्या जागी सर्व्हरचा पत्ता घालणं) लावूनही काम भागतं, पण मग लॉगमध्ये प्रत्येक क्लायंट सर्व्हरच्याच पत्त्याने दिसतो. रूट टाकणंच बरं.

घर आणि ऑफिस, दोन्हीकडे १९२.१६८.१.० / २४ हीच रेंज असेल, तर पॅकेट टनलकडे वळतच नाही, कारण तो पत्ता मशीनला आपल्याच लॅनवरचा वाटतो. ऑफिसची रेंज सुरुवातीलाच वेगळी घ्या.

वायरगार्डच्या ‘अलाउड आयपीज’मध्ये (कोणते पत्ते कोणत्या पीअरकडे जाणार, ही यादी) एकच रेंज दोन पीअरना, म्हणजे जोडलेल्या दोन मशीनना, देऊ नका. नंतर दिलेल्या पीअरकडे ती जाते, पहिला गप्प पडतो आणि एररही येत नाही.

पिंग चालतो, लॉगिनही होतं, पण मोठं पान किंवा फाइल अडकते? एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार (बाइटमध्ये), तपासा. वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू १४२० असतो. पीपीपीओई लाइनवर (युजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी ब्रॉडबँड) मुळातच १४९२ मिळतात, त्यातून वायरगार्डच्या वेष्टनाचे ८० वजा करून १४१२ ठेवा. लिनक्सवर फ्रॅगमेंट न करण्याचा (पॅकेटचे तुकडे न पाडण्याचा) पर्याय लावून टनलमधून १३८४ बाइटचा पिंग पाठवा. वरचे २८ बाइट हेडरचे. तोही अडकला तर एमटीयू आणखी उतरवा. सर्व्हरवर एमएसएस क्लॅम्पिंग (टीसीपी पॅकेटमधल्या डेटाचा आकार मर्यादेत ठेवणं) लावलं की प्रत्येक क्लायंटला हात लावावा लागत नाही, मात्र त्याचा उपयोग फक्त टीसीपीला.

थोडा वेळ शांत राहिल्यावर पलीकडून संपर्क होत नसेल, तर नॅटमागच्या पीअरवर कीपअलाइव्ह (वाट उघडी ठेवायला ठरावीक वेळाने जाणारं छोटं पॅकेट) २५ सेकंद ठेवा.

सगळा ट्रॅफिक टनलमधून न्यायचाय आणि रूट मात्र फक्त ०.०.०.० / ० चा (म्हणजे सगळ्या आयपीव्ही४ पत्त्यांचा) दिलाय? मग आयपीव्ही६ उघड्यावरच आहे. त्याचाही डिफॉल्ट रूट टनलमध्ये घ्या आणि डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावाचा आयपी पत्ता सांगणारा) टनलपलीकडचा द्या, नाहीतर उघडलेल्या साइटांची नावं स्थानिक नेटवर्कला दिसू शकतात.