एक्झिमा आणि मिठाचा हिशेब

कोपराच्या खळगीतला एक्झिमा मलम लावलं की बसायचा, थांबवलं की पुन्हा लालबुंद. मलम चालूच ठेवलं, सोबत मीठ कमी केलं. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या लोकांच्या मोठ्या अभ्यासात, लघवीतून दिवसाला १ ग्रॅम सोडियम (मिठातला घटक; जास्त मीठ खाल्लं की लघवीतूनही जास्त जातो) जास्त जाणाऱ्यांत एक्झिमाची शक्यता सुमारे ११ टक्के जास्त दिसली होती. अर्थात, हा नुसता संबंध. मीठच कारण, असं त्यातून सिद्ध होत नाही.

खरी मेख पाकिटावर. तिथे बहुधा सोडियम लिहितात, मीठ नाही. आकड्याला अडीचने गुणायचं: ८०० मिलिग्रॅम म्हणजे २ ग्रॅम मीठ! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅम मिठाच्या आत राहा म्हणते. पाकिटातलं सूप आणि सॉस तिथेच बाद झाले. रात्रीची खाज बरीच उतरलीय; श्रेय मिठाचं की मलमाचं, देव जाणे. मलम मात्र सोडलेलं नाही.