पॉलियुरेथेन नॅनोकंपोझिटवर काम सुरू करताय? आधी पाणी हाकला

पॉलिऑल (हायड्रॉक्सिल गट असलेला पदार्थ) आणि आयसोसायनेट यांच्या अभिक्रियेतून पॉलियुरेथेन बनतं; त्यात नॅनोकण मिसळले की नॅनोकंपोझिट. या विषयात नवीन आलेल्यांचा जीव नॅनोकणांत अडकलेला असतो. पण आधी कण न घातलेल्या पॉलियुरेथेनची बिनबुडबुड्यांची फिल्म लागोपाठ तीनदा सारखी जमू द्या. तोवर क्ले, ग्राफीन, नॅनोट्यूब यांचे डबे उघडू नका.

बहुतेक वेळा घात करतं ते पाणी. २००० रेणुभाराचं १०० ग्रॅम पीटीएमजी हे पॉलिऑल घेतलं, तर त्यात हायड्रॉक्सिल (ओएच) ०.१ इक्विव्हॅलंट, म्हणजे ०.१ मोल गट. पॉलिऑलमध्ये ०.१ टक्का पाणी राहिलं, म्हणजे दोनेक थेंब, तर ते एकटंच ०.०११ इक्विव्हॅलंट आयसोसायनेट खातं आणि वर सव्वाशे मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. साच्यात टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे दिसतात ते हेच. म्हणून पॉलिऑल ८०–९० अंश सेल्सिअसला व्हॅक्यूमखाली दोन-तीन तास, फेस पूर्ण थांबेपर्यंत ठेवा. बाटलीवर काहीही छापलेलं असो, हे टाळू नका.

त्यात वितळवलेलं २५ ग्रॅम एमडीआय, म्हणजे आपलं आयसोसायनेट, घाला. एमडीआय गढूळ दिसलं तर डायमर (दोन रेणू जुळून झालेला घन पदार्थ) झालाय. गाळून घ्या, नाहीतर वजन बरोबर असूनही हिशोब चुकतो. नायट्रोजनखाली ७५–८० अंशांना दोन तास ढवळून प्रीपॉलिमर (अर्धवट तयार पॉलिमर) बनवा आणि डायब्युटिलअमाइनने टायट्रेशन करून उरलेला एनसीओ (आयसोसायनेट गट) मोजा. एनसीओ ३.३६ टक्क्यांच्या जवळ यायला हवा. जास्त आला तर अभिक्रिया अपुरी आहे. बराच कमी आला तर पाणी शिरलंय किंवा तापमान चढलंय. एनसीओ:ओएच १.०२ धरल्यास साखळी लांबवणारं ब्युटेनडायॉल ४.३ ग्रॅम लागतं, पण प्रत्यक्ष वजन टायट्रेशनच्या आकड्यावरूनच काढा.

आता कण. रात्रभर व्हॅक्यूममध्ये वाळवा आणि एमडीआय घालण्याआधी पॉलिऑलमध्येच मिसळा. प्रीपॉलिमर दाट असतो, त्यात गुठळ्या सुटत नाहीत. सोनिकेशन (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणं) थांबून-थांबून करा. जास्त वेळ केलं तर नॅनोट्यूब तुटतात.

इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. ऑर्गॅनोक्ले (सेंद्रिय पदार्थ लावलेली क्ले) किंवा ग्राफीन ऑक्साइडवरचे हायड्रॉक्सिलही आयसोसायनेट खातात. अशी २ टक्के क्ले घातली, तरी १.०२ चं प्रमाण १ च्या आसपास घसरू शकतं. मग ताकद कमी भरते आणि खापर डिस्पर्शनवर, म्हणजे कण नीट न पसरण्यावर, फुटतं! कणांवरचे हायड्रॉक्सिल मोजून हिशोबात धरा. आणि तुलनेचा नमुनाही तितकंच सोनिकेशन, तितकीच उष्णता देऊन बनवा. आमच्या मते हे नसेल तर बाकीचे आलेख बघण्यात अर्थ नाही.

एफटीआयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) एनसीओचं २२७० सेमी⁻¹ चं शिखर गेलं की क्युअरिंग (पॉलिमर पक्कं होणं) झालं. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) क्लेचं शिखर नाहीसं झालं म्हणून थर सुटे झाले असं मात्र लिहू नका. क्ले कमी असली किंवा थर वेडेवाकडे पडले तरी ते दिसत नाही. टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) करा. ताणचाचणीला किमान पाच पट्ट्या, त्याही आठवडाभर ठरावीक आर्द्रतेत ठेवलेल्या.

आयसोसायनेटची अ‍ॅलर्जी एकदा जडली की अगदी थोड्या वाफेनेही दमा उसळतो. सगळं फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालूनच करा. आणि उरलेल्या आयसोसायनेटच्या बाटलीत ओल गेली असेल तर झाकण घट्ट लावू नका. आत वायू साचून बाटली फुटते.