मोतिया-बदामी रंगसंगतीत लग्नाचा मांडव

मराठी लग्नात रंग विधीच घेऊन येतात: हळद, कुंकू, हिरवा चुडा, पिवळी अष्टपुत्री, आंब्याचे टाळे. यातलं काहीही फिकं करायला जाऊ नका. सजावट मोतिया, बदामी, चंदनी ठेवायची ती हेच रंग खुलून दिसावेत म्हणून. ‘पांढरी सजावट’ हे शब्द वडीलधाऱ्यांना खटकतात. कापडाचा तुकडा पसरून त्यावर हळदकुंकवाचा करंडा ठेवून दाखवा, पटकन पटतं.

कापडाला मांजरपाटासारखं दुसरं काही नाही. ब्लीच न केलेला, किंचित पिवळट, स्वस्त आणि जड पडणारा. १२ बाय १२ फुटांच्या मांडवामागे १० फूट उंच पडदा हवा असेल, तर चुण्यांसाठी रुंदी दुप्पट, म्हणजे २४ फूट धरा. ३६ इंच पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, ८ पट्टे लागतील. ते ८० फूट, म्हणजे साधारण २५ मीटर होतात. शिलाई आणि दुमड धरून २७ मीटर घ्या. सगळं कापड एकाच लॉटचं मागा, कारण दोन ठाणांच्या छटेतला फरक दुकानात कळत नाही, मांडवात मात्र पट्ट्यासारखा दिसतो.

सगळ्यात जास्त फसगत खुर्च्यांच्या कव्हरांनी होते. डेकोरेटरकडची कव्हरं बहुधा निळसर झाक असलेली, पांढरीशुभ्र आणि चकचकीत असतात. त्यांच्याशेजारी तुमचं कोरं कापड चक्क मळकं दिसतं. कव्हरं त्याच छटेची मिळत नसतील तर लाकडी खुर्च्या तशाच उघड्या ठेवा.

दुसरा शत्रू उजेड. बऱ्याच कार्यालयांत ६५०० केल्विनच्या थंड पांढऱ्या ट्यूब असतात, त्यात बदामी रंग राखेसारखा होतो. मांडवावरच्या ट्यूब बंद ठेवून ३००० केल्विनचे वॉर्म व्हाइट दिवे लावायला सांगा. दोन्ही उजेड एकत्र पेटले तर फोटोत अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळा येतो. कापडाचा हातभर तुकडा मुहूर्ताच्या वेळेलाच कार्यालयात नेऊन बघा. सकाळचा ऊन-उजेड आणि गोरज मुहूर्ताचा उजेड यांत रंग पार बदलतो.

नवरदेवाचं सोवळं मोतिया, वधूची पैठणी मोतिया, अंतरपाट पांढरा आणि मागचा पडदाही तसाच असला, तर सगळं एकमेकांत विरघळून जातं. पडदा कपड्यांपेक्षा दोन छटा गडद, बदामीकडे झुकणारा ठेवा, किंवा मधोमध हिरव्या पानांचा पट्टा घ्या. अंतरपाटावर कुंकवाचं स्वस्तिक ठसठशीत हवं.

फुलांत पांढरी शेवंती दिवसभर टिकते, म्हणून खांबांना तीच. चार खांब, प्रत्येकी १० फुटांच्या ६ माळा, म्हणजे २४० फूट. मोगरा हाताळला की तपकिरी पडतो. तो फक्त गजऱ्यांना आणि हारांना वापरा, आणि लागेपर्यंत ओल्या मलमलीत झाकून ठेवा. केळीचे खुंट आणि आंब्याचं तोरण वगळू नका, कोऱ्या कापडावर तो हिरवा फार देखणा दिसतो.

होमकुंडाच्या वर कापडी छत नको, धुराने ते काळवंडतं. कुंडाभोवती ४ फुटांत पडदाही नको. पॉलिएस्टरची जाळी तर मुळीच नको, ती पेटली की वितळून अंगावर ठिबकते.

जमिनीवर लाल गालिच्याऐवजी तागाची चटई शोभते, पण तिचे धागे अनवाणी पायांना टोचतात आणि नऊवारीच्या जरीत अडकतात. सप्तपदीच्या वाटेवर वरून सुती सतरंजी घाला.

पत्रिका हातकागदावर सुंदर दिसते. अक्षरं गडद तपकिरी शाईत छापा. मोतिया कागदावरची सोनेरी अक्षरं आजी-आजोबांना वाचता येत नाहीत.

अक्षता कुंकवाच्याच असू द्या. माणशी १० ग्रॅम धरले तर ३०० पाहुण्यांना ३ किलो तांदूळ पुरतात. कुंकू लावल्यावर रात्रभर सावलीत पसरून पूर्ण वाळवा. ओलसर राहिल्या की पडद्यावर आणि शालूवर लाल ठिपके उमटतात.

हळदीचा हात पडद्याला लागलाच, तर तिथे साबण चोळू नका. साबणाने डाग लालभडक होतो. तेवढी चुणी आत दुमडून पिन लावा. कार्य आटोपल्यावर कापड गार पाण्यातून काढून कडक उन्हात वाळत घाला. उन्हात हळद हळूहळू उडून जाते.