सिनेमातल्या जागा बघायला जायचंय? आधी फ्रेम शोधा (स्वदेसच्या मेणवलीपासून सुरुवात)

परवा एका मैत्रिणीने विचारलं की वाईला चाललोय तर स्वदेसचं शूटिंग झालेलं गाव कसं बघायचं, आणि मी उत्तर टाइप करायला बसले ते एवढं लांबलं की म्हटलं आता नीट सगळंच लिहून काढू. मला या प्रकाराचं मनापासून वेड आहे. नुसतं गावात पोचून माझं समाधान होत नाही, कॅमेरा ज्या पायरीवर लावला होता त्याच पायरीवर जाऊन उभं राहायचं आणि समोरचं चित्र पडद्यावरच्या चित्रावर बसतंय का बघायचं. ते बसलं ना की अंगावर काटा येतो, खरंच.

तर आधी जागा कुठली ते शोधायचं. सगळे नेटवर शोधतात, तेही करा, पण त्याच्या आधी सिनेमा सुरू होताना किंवा संपल्यावर आभाराची जी यादी येते ना ती पॉज करून वाचा. ग्रामपंचायत, तहसीलदार, रेल्वे, देवस्थान, अशी नावं तिथे असतात आणि त्यावरून निदान तालुका तरी कळतोच. मग मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावून नदीचं वळण, पूल, देवळाचं शिखर हे जुळवत बसायचं. गोष्टीतल्या गावावर मात्र विसंबू नका. स्वदेसमधलं चरणपूर उत्तर प्रदेशातलं दाखवलंय आणि प्रत्यक्षात ते आपल्या सातारा जिल्ह्यातलं मेणवली आहे. गंगाजलमधला बिहार म्हणजे वाई, दबंगमधलं उत्तर प्रदेशातलं गाव म्हणजे पण वाईच, आणि चेन्नई एक्सप्रेसमधल्या तमिळ गावाचं बरंचसं शूटिंग पुन्हा तिथलंच. कारण साधं आहे, मुंबई-पुण्याहून जवळ, कृष्णेचे दगडी घाट उत्तरेतल्या कुठल्याही नदीचे म्हणून खपतात, भोवती ऊस आणि डोंगर आहेत आणि युनिटला राहायला वर पाचगणीत हॉटेलं.

जागा कळली की सिनेमा पुन्हा बघा आणि पाच-सहा स्क्रीनशॉट काढा, जास्त नको. इथे खरी निवड आहे. शूटिंगसाठी उभं केलेलं बहुतेक सगळं तात्पुरतं असतं, बऱ्याचदा प्लायवूड आणि पीओपीचं, युनिट गेलं की तेही जातं. लगानचं चंपानेर कच्छमध्ये भुजजवळ कुनारिया गावापाशी उभं केलं होतं, शोलेचं रामगढ बंगळुरूजवळ रामनगरला, दोन्हीकडे आता ते गाव शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पण रामनगरचे ते भले मोठे खडक जसेच्या तसे आहेत, 1975 मध्ये होते तसेच. म्हणून स्क्रीनशॉट निवडताना ज्यात दगडी पायऱ्या, देऊळ, डोंगराची कड, जुना वाडा असं न हलणारं काही आहे तेच निवडा. रंगवलेली भिंत, दुकानाची पाटी, झोपडी असलं सोडून द्या. आणि फोटो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, तिथे जाऊन नेटवर शोधू म्हणाल तर रेंजचा भरवसा नसतो.

आता मेणवली. पुण्याहून स्वारगेटवरून महाबळेश्वरची एसटी पकडायची, ती वाईवरूनच जाते. गाडीने जात असाल तर खंबाटकी घाट संपल्यावर सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं. वाईपासून मेणवली तीनेक किलोमीटर, स्टँडवरून रिक्षा मिळते, थंडीत चालत गेलात तरी मजा येते. पावसाळ्यात मी तरी जाऊ नका म्हणेन, खालच्या पायऱ्या पाण्याखाली असतात आणि वरच्यांवर शेवाळ. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. वर धोमचं धरण आहे, तिथून पाणी किती सोडलंय त्यावर घाट किती उघडा दिसणार ते ठरतं, त्यामुळे तुमच्या स्क्रीनशॉटपेक्षा दोन पायऱ्या कमी-जास्त दिसल्या तर जागा चुकली असं समजू नका.

वेळ फार महत्त्वाची. मी पहिल्यांदा गेले ती भर दुपारी बारा वाजता, दगड नुसता पांढराफटक दिसत होता आणि सावल्या सगळ्या पायाखाली, काही केल्या ते चित्र जुळेना. जेवून पुन्हा चारच्या पुढे आले तेव्हा ऊन तिरपं झालेलं आणि एकेक पायरी वेगळी दिसायला लागली. तेव्हापासून स्क्रीनशॉटमध्ये सावली कुठल्या बाजूला पडलीय ते आधी बघते आणि त्यावरून सकाळ की संध्याकाळ ते ठरवते.

फ्रेम जुळवायची कशी ते सांगते, हे नीट वाचा. स्क्रीनशॉटमध्ये दोन वस्तू निवडायच्या, एक जवळची आणि एक लांबची, समजा देवळाच्या ओट्याचा कोपरा आणि मागचं झाड. फोटोत झाड कोपऱ्याच्या डावीकडे आहे की बरोबर मागे लपलंय ते बघायचं. मग तुम्ही स्वतः आडवं सरकत राहायचं, अगदी पाऊल-पाऊल, जोवर झाड कोपऱ्याच्या त्याच बाजूला येत नाही. ही झाली आडवी रेघ. मग पुढे-मागे. इथे बहुतेक लोक फसतात, कारण सिनेमात डोंगर मोठा आणि जवळ दिसतो आणि प्रत्यक्षात तो लांब कुठेतरी बारका. ती लेन्सची करामत असते, लांबून झूम लेन्सने घेतलं की मागचं पुढे ओढल्यासारखं दिसतं. तेव्हा पुढे जाऊ नका, उलट मागे मागे जा आणि फोनवर दोन-तीन पट झूम करून बघा. शेवटी उंची. बऱ्याचदा कॅमेरा खाली पायरीवर ठेवलेला असतो किंवा क्रेनवर चढवलेला असतो, म्हणून एकदा खाली बसून पण बघा. मेणवलीला मी एका पायरीवर उकिडवी बसले, डोळे पाण्याच्या जवळ आले आणि अर्धचंद्रासारखी वळलेली पायऱ्यांची अख्खी ओळ स्क्रीनशॉटमधल्या ओळीवर जाऊन बसली. मी तिथून वीस मिनिटं उठलेच नाही.

घाटावर आहातच तर घंटा बघितल्याशिवाय निघू नका, सिनेमाशी तिचा संबंध नाही पण महादेवाच्या देवळापाशी ती टांगलेली आहे. पोर्तुगीज घंटा, त्यावर मेरी आणि बाळ येशू. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथून मराठ्यांनी ज्या घंटा आणल्या त्यातली ही एक. आणि घाटाला लागूनच नाना फडणवीसांचा वाडा, एकामागे एक चौक, भिंतींवर जुनी चित्रं. वाडा खाजगी आहे हे लक्षात ठेवा. दार उघडं दिसलं म्हणून आत शिरायचं नाही, जो कोणी बघतो त्याला विचारायचं, तो सांगेल तिथपर्यंतच जायचं, चित्रांना हात लावायचा नाही. घाट काय, वाडा काय, लोकांचं रोजचं आयुष्य तिथे चालतं. कपडे धुणाऱ्या बायकांचे न विचारता फोटो काढणारे मी पाहिलेत आणि मला फार राग येतो. ड्रोन तर नेऊच नका.

उलट बोलून बघा हो. मी फोन समोर धरून मागे-पुढे करत होते तर एका मावशींनी कपडे पिळता पिळता विचारलं, "शूटिंगचं बघताय का?" म्हटलं हो. त्यांनी माझ्या फोनमधला फोटो बघितला, ओल्या हाताने पलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "हे हितलं न्हाय, तिकडनं घेतलंय, त्या झाडाखालनं." एक तास मी चुकीच्या बाजूला शोधत होते. मॅपवर हे कोण सांगणार. शूटिंग बघायला उभे राहिलेले, गर्दीत काम केलेले लोक गावात असतात, चहाच्या टपरीवर नुसता विषय काढा.

परत येताना वाईत गणपती घाटावर थांबा, ढोल्या गणपतीचं देऊळ आणि आसपासचा घाट तुम्ही इतक्या सिनेमांत बघितलाय की तिथे स्क्रीनशॉटची पण गरज लागणार नाही.

मेणवली जमलं की पुढचं सोपं. पनवेलच्या पुढे पेणच्या अलीकडे आपटा स्टेशन आहे, दिलवाले दुल्हनियाचा शेवट तिथला. 1995 मध्ये त्या मार्गावर विजेच्या तारा नव्हत्या, आता आहेत, त्यामुळे आकाश मोकळं मिळणार नाही, प्लॅटफॉर्मवरून जे जुळेल ते जुळवा. तिकीट काढून जा. आणि चालत्या गाडीबरोबर धावून हात देण्याचा तो सीन कृपा करून करू नका, रुळांवर पण उतरू नका, जीव जाऊ शकतो आणि तो गुन्हाही आहे. गोव्यात दिल चाहता हैवाला शापोरा किल्ला सूर्यास्ताला गच्च भरतो, सकाळी लवकर गेलात तर तटावर शांत बसता येतं. रामनगरला डोंगराचा भाग गिधाडांसाठी राखीव आहे, तिथे डायलॉग ओरडायचे नाहीत, वनखात्याचे लोक सांगतील तिथेच फिरायचं.

जुळलेली फ्रेम सापडली की फोटो काढून झाल्यावर मॅपवर तिथेच पिन टाकून ठेवा, आणि कोणत्या पायरीवरून, किती झूम, किती वाजता ते फोटोखाली लिहून ठेवा. माझ्या मैत्रिणीला मी तेवढंच पाठवलंय, मेणवलीचा पिन, संध्याकाळी साडेचार, पाण्यापासून वर तिसरी पायरी, आणि खाली बसून बघ.